खरे किती, सांगा

जहाज कंपनीच्या इमारतीचं काचेचं फिरतं दार एका कप्प्यात एकाच माणसाला घेतं. तशी पाटीही लावलेली आहे. पण पाऊस तिरपा झोडपत असताना पाट्या वाचणारा माणूस अजून जन्माला यायचाय. धाकटी दारात शिरली, तिच्या मागोमाग तिच्याच कप्प्यात एक निथळता तरुण घुसला, तिची छत्री फटीत अडकली आणि दार जागच्या जागी थांबलं. प्रयोगशाळेतल्या बरणीत नमुने ठेवावेत तसे दोघं काचेआड उभे राहिले.

"ढकलू का?" त्यानं विचारलं.

"मला की दाराला?"

"आधी दाराला बघतो..."

बाहेरून रखवालदार धावत आला. त्यानं खुणांनी दोघांना आधी पाटी दाखवली, मग छत्री, मग पुन्हा पाटी. तेवढ्या वेळात धाकटीनं पाहू नये ते पाहून घेतलं. त्याच्या पापण्यांवर थेंब अडकले होते, चष्म्यावर वाफ धरली होती, आणि तो पुसायला त्याच्या अंगावर एकही कोरडी जागा नव्हती. बिचारा शर्टाच्या एका ओल्या टोकाकडून दुसऱ्या ओल्या टोकाकडे जात होता. तिनं आपला रुमाल पुढे केला.

चष्मा चढवल्यावर त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ, आणि मग तिच्या हातातल्या फायलीवरचं नाव वाचलं.

"अरे... म्हणजे तुम्ही त्या."

"त्या म्हणजे कोण?"

"मी तुमच्या समोरच्या काचेच्या इमारतीत असतो. दर लावायच्या टेबलावर."

धाकटीनं रुमाल परत घेतला.

"स्वस्तराव," ती म्हणाली, आणि तेवढ्यात छत्री सुटली, दार फिरलं आणि दोघं आत फेकले गेले.

हे नाव तिनंच पाडलं होतं. बाबांच्या ऑफिसात काम करते म्हणून बाजारात तिला सगळे धाकटी म्हणत. तिच्या बाबांचा फॉरवर्डिंगचा धंदा. ज्याच्याकडे माल असतो त्याच्याकडे जहाज नसतं, आणि ज्याच्याकडे जहाज असतं त्याला मालाशी देणंघेणं नसतं. या दोघांच्या मध्ये उभं राहून दोघांच्याही शिव्या खायच्या आणि त्या शिव्यांवर घर चालवायचं, असा हा धंदा. बाबांनी तो जन्मभर गुण्यागोविंदानं केला. पुढे काळ बदलला. जहाज कंपन्या स्वतःच गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन बसायला लागल्या. मोठ्या फॉरवर्डरांनी छोट्या फॉरवर्डरांना विकत घेतलं, मग त्याहून मोठ्यांनी त्या मोठ्यांना. रस्त्यापलीकडे काचेची इमारत उभी राहिली आणि तिच्या पडद्यावर गिऱ्हाइकाला तीन सेकंदांत जगातल्या कुठल्याही बंदराचा दर दिसू लागला. परिषदांमधून शहाणी माणसं सांगायला लागली की आता मधला माणूस संपणार. बाबा म्हणायचे, मी मधला नाहीच, मी कोपऱ्यातला. त्यांचं ऑफिस खरोखरच कोपऱ्यात होतं.

धाकटीनं कुणालाही कुठलाही दर सांगावा, तासाभरात समोरून त्याहून चिमूटभर कमी दर गेलेला असायचा. फार कमी नाही. चिमूटभरच. हा चिमटा काढणारा हात कुणाचा, हे तिला ठाऊक नव्हतं; त्याचं नाव मात्र तिनं पाडून टाकलं होतं. आता त्या हाताला ओलं मनगट होतं, बंद पडल्यासारखं दिसणारं घड्याळ होतं, आणि वर चांगले दोन डोळे होते. माणसाचा राग करणं किती सोपं असतं, तो दिसेपर्यंत.

दोघांनाही जायचं होतं एकाच खिडकीपाशी. खिडकीआड बुकिंगच्या मॅडम बसत. सगळा बाजार त्यांना नाहीताई म्हणे, कारण जहाजात जागा आहे का असं विचारल्यावर त्यांच्या तोंडून दुसरा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. धाकटीनं आजच्या जहाजाचं विचारलं. नाहीताईंनी मान वर न करता नेहमीचा शब्द उच्चारला, आणि वाट बघायची असेल तर बाक आहे, असं बाकाकडे न बघता सांगितलं.

बाकासमोर काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती होती आणि शेजारी प्लास्टिकचं झाड. धाकटी एका टोकाला बसली. स्वस्तराव, खिडकीशी काहीच न बोलता, दुसऱ्या टोकाला येऊन बसला. त्याच्या बुटांतून पाणी निघून हळूहळू तिच्या बुटांच्या दिशेनं यायला लागलं.

"तुमचा काय माल?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"प्रतिस्पर्ध्याला सांगायचा नसतो."

"खुर्च्या ना? दाताच्या?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"आम्हीही दर दिला होता त्यांना," तो ओशाळून म्हणाला. "चिमूटभर कमी. तरी ते तुमच्याकडेच राहिले. मी दोन दिवस नीट जेवलो नाही."

धाकटीला हसू आलं, आणि ते लपवायला तिनं प्लास्टिकच्या झाडाकडे पाहिलं. खुर्चीवाले हे बाबांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आणि आता शेवटचं मोठं. दंतवैद्यांच्या खुर्च्या बनवायचे. समोरच्याशी बोलताना त्याच्या तोंडात डोकवायची त्यांना सवय होती. त्यांनी बाबांना नमुन्याची एक खुर्ची भेट दिली होती, आणि ऑफिसात पाहुण्यांना बसायला तीच. तिला एकच खोड होती. माणूस टेकला की ती हळूहळू, अत्यंत सभ्यपणे, मागे झुकायला लागे. बाबांनी ती कधी दुरुस्त करून घेतली नाही. छताकडे बघत कुणाला भांडता येत नाही, असं त्यांचं मत होतं.

या खेपेला खुर्च्यांचे दोन कंटेनर होते. समुद्रापलीकडे दंतवैद्यकाचं नवं कॉलेज उघडणार होतं, आणि माल आजच्या जहाजात चढला नाही तर उद्घाटनाला दातदुखीचे रुग्ण उभेच राहणार होते. तसं झालं तर पुढच्या वेळी मी आपला पडद्यावरच बघेन, असं खुर्चीवाल्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं होतं. त्यातच काचेच्या इमारतीनं बाबांचं ऑफिस विकत मागितलं होतं. बाबा म्हणाले होते, खुर्च्या या जहाजानं गेल्या तर धंदा ठेवू, राहिल्या तर विकू. म्हणाले अगदी सहज, पण त्या दिवसापासून ते ऑफिसातल्या कुंडीतल्या झाडाला सारखं पाणी घालत सुटले होते. झाड पिवळं पडत चाललं होतं.

आणि आज सकाळी जहाज कंपनीच्या कॉम्प्युटरनं कळवलं की जहाज भरलं आहे, छोट्या फॉरवर्डरांची सगळी बुकिंगं पुढच्या जहाजावर ढकलली आहेत. खुर्च्यांचे ट्रेलर तेव्हा बंदराच्या वाटेवर होते. संध्याकाळी पाचला बंदराचं फाटक बंद होणार होतं.

"तुमचे किती आहेत या जहाजावर?" धाकटीनं विचारलं.

"वीस."

"सगळे खरे?"

या धंद्यात हा प्रश्न विचारायचा नसतो. कुणाच्या वयाबद्दल किंवा केसांबद्दल विचारावं तसं ते आहे. जागा मिळेल की नाही याची खात्री नसते म्हणून सगळेच गरजेपेक्षा जास्त कंटेनर बुक करतात आणि जास्तीचे आयत्या वेळी रद्द करतात. जहाज कंपनीला हे माहीत असतं, म्हणून तीही जागेपेक्षा जास्त बुकिंगं घेते. फॉरवर्डरांना ते माहीत असतं, म्हणून ते आणखी जास्त बुक करतात. अशा रीतीनं सगळे सगळं जाणून असतात आणि व्यवहार विश्वासानं चालतो.

"सगळे खरे," तो शेवटी म्हणाला. "तुमचे?"

"आमचेही. एकूण एक."

दोघांनी जहाजाच्या प्रतिकृतीकडे पाहिलं. मग तो म्हणाला की नियमानं प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र बसून दराबद्दल बोलायचं नसतं, तर आपण हवेबद्दल बोलू. ती म्हणाली, बोला. तो म्हणाला, पाऊस आहे. ती म्हणाली, हो, आणि छत्री नावाची एक वस्तू मिळते. तो म्हणाला, आहे ना घरी, पण ती उघडते वादळातच. मग तिला खरंच हसू आलं आणि या खेपेला झाड लांब पडलं. तोही हसला. त्याच्या हसण्यात आधी एक छोटासा थांबा होता, परवानगी मागितल्यासारखा. धाकटीनं मनाला बजावलं की हाच तो चिमटा. मनानं ऐकून घेतलं आणि दुसरीकडेच बघत बसलं.

तेवढ्यात फोन वाजला. बाबा होते. ते ऑफिसात बसायला तयार नव्हते. ट्रेलरबरोबर बंदराच्या फाटकाशीच जाऊन उभे राहिले होते.

"काय गं, काही कळलं?"

"बसलेय, बाबा. बघतात म्हणाल्या." बघतात असं कुणीच म्हणालं नव्हतं.

"बरं बरं. ड्रायव्हर झोपलाय छानपैकी. मीही टेकतो जरा." मग थोडं थांबून ते म्हणाले, "आणि हे बघ... नाही जमलं तर नाही जमलं. तू ओल्या कपड्यांत बसू नकोस."

धाकटीनं फोन ठेवला. बाबा आरडाओरडा करत तेव्हा तिला कधी भीती वाटली नव्हती. बाबांचा शांत आवाज मात्र तिनं आयुष्यात फारसा ऐकला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आता प्रतिस्पर्ध्यासमोर शोभा नको म्हणून तिनं नाक रुमालात घातलं. रुमालाला चष्म्यावरच्या पावसाचा वास होता.

"दहा बुक केले होते आम्ही," ती एकदम म्हणाली. "त्यातले खरे दोन. उरलेले आठ तुमच्या भीतीनं. दर वेळी मी चार करते. पण या खेपेला काचेवाल्यांनी या जहाजावर ढीगभर जागा धरलीय असं कानावर आलं, म्हणून मी दहा केले. सगळेच पुढे ढकलले. खऱ्या दोनांसकट. घ्या... सांगितलं. आता जाऊन सांगा तुमच्या साहेबांना."

त्यानं चष्मा काढला.

"आम्ही ढीगभर का धरली माहितेय? कोपऱ्यातल्या ऑफिसनं एकदम दहा बुक केले, त्यांना कुणीतरी मोठं गिऱ्हाईक मिळालं, अशी बातमी आली. म्हणून मी आठाचे वीस केले."

"पण मी दहा केले ते तुमच्या..."

"हो ना. आणि आमच्या अहवालवाल्यांनी ते आकडे बघून छापलं की या मार्गावर मागणी जोरात वाढतेय. तो अहवाल वाचून साहेब खूश. जहाज कंपनीनंही वाचला. तिनं दर वाढवले."

गेले कित्येक दिवस धाकटी गिऱ्हाइकांना जो बाजाराचा कल म्हणून समजावून सांगत होती, तो कल आत्ता तिच्याशेजारी बाकावर बसून ओले मोजे पिळत होता. दुसरा अर्धा कल ती स्वतः होती.

"तुमच्या विसात खरे किती?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"सांगू?"

"सांगा."

"एकही नाही."

खिडकीआड नाहीताईंचा टाइप करण्याचा आवाज थांबला.

"एकही नाही," तो पुन्हा म्हणाला. "आमचे होते ते मागच्या जहाजानं गेले. हे मी रद्द करायलाच आलोय. बुकिंग तीन सेकंदांत होतं, रद्द करायला मात्र स्वतः यावं लागतं. साहेबांनी सांगितलंय, पाच वाजल्यावर रद्द कर, आधी नाही. फाटक बंद झाल्यावर. म्हणजे मग..." तो अडखळला. "म्हणजे मग तुमच्या खुर्च्या राहतात. आणि तुमचं ऑफिस स्वस्तात मिळतं."

बाकावरचं अंतर मघाशी कमी झालं होतं. ते धाकटीनं पुन्हा पूर्वीइतकं केलं.

"आणि तुम्ही मघापासून माझ्याशी पावसाबद्दल बोलताय."

"हो."

"छान."

"मी खूप... म्हणजे मला वाटलं होतं की..."

"काय वाटलं होतं?"

"काही नाही. बाबा तुमचे फाटकाशी उभे आहेत हे नव्हतं माहीत."

तो उठला. बुटांतून चपक्-चपक् आवाज करत खिडकीशी गेला. धाकटीला त्याची ओली पाठ दिसत होती, आणि त्या पाठीला बहुधा शब्द सुचत नव्हते.

"वीस रद्द करायचेत," तो म्हणाला.

नाहीताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचाला बराच अवकाश होता. "तुमच्या साहेबांचा सकाळी फोन होता," त्या म्हणाल्या. "पाचनंतर म्हणाले होते."

त्यानं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "माझं घड्याळ पुढे आहे."

नाहीताई खिडकीतून थोड्या वाकल्या आणि त्यांनी ते घड्याळ पाहिलं. ते बंद होतं. मग त्यांनी त्याच्या खांद्यावरून बाकाकडे पाहिलं, नाकाला रुमाल लावून बसलेल्या मुलीकडे पाहिलं, आणि एवढ्या वर्षांच्या नोकरीत प्रथमच त्यांचा चेहरा बोलण्यापेक्षा आधी हलला.

"पुढे आहे खरं," त्या म्हणाल्या, आणि टाइप करायला लागल्या. मग मान वर करून धाकटीला विचारलं, "खुर्च्यांचे दोन ना? खरे?"

"खरे," धाकटी म्हणाली.

"आहे जागा."

हा शब्द त्या खिडकीतून ऐकल्याचं पुढे धाकटीनं बाजारात सांगितलं तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही.

तिनं बाबांना फोन लावला. बाबांनी ऐकलं, आणि पलीकडून ड्रायव्हरला उठवण्याचा असा काही आवाज आला की धाकटीचा जीव भांड्यात पडला. हा तिच्या ओळखीचा आवाज होता. फाटकातून दोन्ही ट्रेलर आत गेले तेव्हा बाबांनी पुन्हा फोन करून तिला ट्रेलरच्या चाकांचा आवाज ऐकवला. शेवटी विचारलं, "पण जागा झाली कशी?"

धाकटीनं शेजारी पाहिलं. स्वस्तराव प्लास्टिकच्या झाडाची पानं पुसत होता.

"एकाचं घड्याळ पुढे होतं, बाबा," ती म्हणाली.

बाहेर पडताना दोघं फिरत्या दाराशी थांबले. त्यानं पाटीकडे बोट दाखवलं आणि मागे सरला. ती एकटीच कप्प्यात शिरली, पण अर्ध्यावर पोचल्यावर तिनं दार हातानं धरून ठेवलं. रुमाल फटीतून मागे दिला.

"चष्मा," ती म्हणाली.

रुमाल परत करायच्या निमित्तानं तो चार दिवसांनी कोपऱ्यातल्या ऑफिसात आला; आधी वाळलाच नाही म्हणाला. बाबा घरी होते, आणि पुढेही तो येई तेव्हा नेमके बाहेरच असत. त्या दिवशी तो छत्री विसरला, ती न्यायला पुन्हा आला. मग इकडून जाणं वाटेतच पडतं असं निघालं. मग एका बंदराचं नाव आठवत नव्हतं, जे त्याच्या पडद्यावर तीन सेकंदांत दिसलं असतं. धाकटी दर वेळी बंदराचं नाव सांगे, आणि दर वेळी तो ते लिहून घेई.

काचेच्या इमारतीत मात्र घड्याळाची चौकशी झाली. शिक्षा म्हणून त्याला अहवाल लिहायच्या खात्यात बसवण्यात आलं. पहिल्याच अहवालात त्यानं लिहिलं की मागणी वाढलेली नाही, माणसं एकमेकांना घाबरली आहेत. तो अहवाल कुणी छापला नाही. दुसराही त्यानं तसाच लिहिला. तिसरा लिहायची वेळ आली नाही. त्यानं राजीनामा दिला आणि साहेबांनी तो तीन सेकंदांत स्वीकारला.

खुर्च्या वेळेवर पोचल्या होत्या. कॉलेजचं उद्घाटन झालं आणि पहिल्या रुग्णाचा दात भाषणाआधीच काढला गेला, असं खुर्चीवाल्यांनी फार आनंदानं कळवलं; पुढचा मालही त्यांनी बाबांकडेच दिला. बाबांनी झाडाला पाणी घालणं आवरतं घेतलं होतं. पिवळ्या पानांमधून एक हिरवा कोंब वर आला होता.

अशा एका पावसाळी दुपारी तो ऑफिसात शिरला. या खेपेला त्याच्या हातात छत्री नव्हती, विसरायलाही काही नव्हतं. बाबा समोरच होते. त्यांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, पण चेहऱ्यावर काचेच्या इमारतीची कळा होती.

"बसा," बाबा म्हणाले आणि खुर्ची दाखवली. "किती देताय?"

तो टेकला. "द्यायला... काही नाही माझ्याकडे."

"मग विकत कसं घेणार?"

"विकत घ्यायला नाही आलो. मागायला आलोय." खुर्ची झुकायला लागली होती.

"नोकरी?"

"तीही... मिळाली तर. पण आधी दुसरं."

बाबांनी धाकटीकडे पाहिलं. ती ईमेल लिहीत होती. कॉम्प्युटर बंद होता.

"हिला विचारलंत?" बाबा म्हणाले.

"तेच विचारायला आलोय. पण ही खुर्ची..." त्याचे पाय आता डोक्याच्या वर गेले होते.

धाकटी उठली आणि त्याच्या डोक्याशी येऊन उभी राहिली, दात तपासायला आल्यासारखी. त्याला छत दिसत होतं आणि छताच्या अलीकडे ती.

"खरं सांगायचं," ती म्हणाली.

"हो. छत्री विसरलो नव्हतो. मुद्दाम ठेवली होती. तुमचं ऑफिस माझ्या वाटेत पडत नाही, माझं घर उलट्या दिशेला आहे. मला सगळी बंदरं पाठ आहेत. रुमाल चार दिवसांत वाळला नव्हता हेही खोटं, तो रात्रीतच वाळला होता. मी तो... असाच ठेवून घेतला होता. आणि तुम्हाला दर वेळी चिमूटभरच कमी दर लावायचो, कारण जास्त कमी लावला तर तुम्ही धंदा बंद कराल आणि मग मी कुणाशी..."

"आणखी?"

"एवढीच. खोटी सगळी संपली."

"मग खरे किती?"

त्यानं छताकडेच बघत उत्तर दिलं. "एक. पण ते रद्द करता येणार नाही. पाचच्या आधीही नाही आणि नंतरही नाही."

ती खुर्ची आपणहून कधी वर येत नसे, त्यात बसलेल्याला हात देऊन उठवावं लागे. तिनं हात दिला. तो उठून उभा राहिला, पण हात कुणीच सोडला नाही. बाबा तांब्या घेऊन कुंडीकडे वळले. झाडाला पाणी नको होतं; पण माणसाला कधीकधी पाठ फिरवायला काहीतरी निमित्त लागतं.

"आम्ही जरा चक्कर मारून येतो, बाबा," धाकटी म्हणाली आणि सवयीनं कोपऱ्यातल्या दोन्ही छत्र्या उचलल्या.

"एकच न्या," बाबा पाठमोरेच म्हणाले. "जास्तीची कशाला अडवून ठेवता."